जामीन कोण राहणार?

नमस्कार मैत्रिणींनो. एकीकडे रेडिओ लावून दुसरीकडे कुणाचे तरी डबे भरताय, पोळ्या लाटताय, चकलीची भाजणी भाजताय, अशा सगळ्यांशी आज मला बोलायचंय. मीही तुमच्यातलीच. गेली अकरा वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते.

आधी मुंबईच्या गिरणगावात जाऊ. लालबाग, परळ, भायखळा. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं, पाळीपाळीनं राहायचे. बायकामुलं गावी. जेवण खाणावळवालीकडे, म्हणजे चाळीतल्याच एखाद्या मावशीकडे. गडी पगार झाला की पैसे द्यायचा, पण तांदूळ, डाळ, रॉकेल तिला रोज लागायचं. म्हणून वाण्याकडे उधारी, आणि उधारी वाढली की सावकाराकडे भांडी, नाहीतर गळ्यातलं मंगळसूत्र. पहाटेपासून राबायची ती, आणि पैसा जायचा व्याजात.

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पण बँक विचारणार तारण काय, आणि हिच्याजवळ परात नि पोळपाट! १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मूळच्या गोव्याच्या, लहान वयातच गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत वावरलेल्या या बाईंनी तारणाशिवाय बँकेचं कर्ज मिळावं म्हणून खाणावळवाल्यांचे गट केले. एकीसाठी दुसरीनं जामीन राहायचं. एकीचा हप्ता थकला, तर बाकीच्या तिच्या दारात हजर.

हप्ता मागायला जायच्या, हे खरंच. पण गेल्यावर कळायचं की हिचं मूल तापानं फणफणलंय, नाहीतर चार गड्यांनी पैसे बुडवलेत. जामीन राहायचं तर एकमेकींची चूल माहीत असावी लागते. मला त्या कर्जापेक्षा ही ओळख मोलाची वाटते. १९८२ चा गिरण्यांचा संप झाला, कामगार गावी परतू लागले, जेवणारेच उरले नाहीत. तेव्हा कर्ज कुणाला पुरलं असतं? मंडळानं पुढे केटरिंगचं काम वाढवलं, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. एकेकटीला हे कसं सुचणार, आणि सुचलं तरी कसं जमणार?

आता माझंच सांगते. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी माझा उजवा हात मुरगळला. वीस किलो चकलीची ऑर्डर, आणि सोऱ्या फिरवता येईना. मी गिऱ्हाइकांना नकाराचे फोन करायला बसले. मागच्या गल्लीतल्या एक काकूही चकल्या विकायच्या, म्हणजे माझ्या स्पर्धकच. कुणाकडून तरी कळलं म्हणून त्या स्वतःचा पितळी सोऱ्या पदराखाली धरून आल्या. पीठ चिमटीत दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "मोहन जास्त झालंय गं, तेलात विरघळतील." थोडी कोरडी भाजणी मिसळली, पुन्हा मळलं, आणि तीन दिवस माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "माझा हात मोडला की ये."

त्यातूनच आमचा सात जणींचा गट झाला. पहिलंच भांडण दरावरून. एकमेकींची गिऱ्हाइकं ओढायला आम्ही दर पाडत होतो. काकूंनी वही काढली. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, रिक्षा असं सगळं लिहिलं. मग विचारलं, "तास कुणी लिहिलेत?" एकीनंही नाही. चार-चार तास तळणीसमोर उभ्या राहायचो, आणि ते जमेतच धरलेले नव्हते.

मला तेव्हा लिज्जत आठवलं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आजही तिथे सकाळी पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड परत द्यायचे, आणि लाटण्याचे पैसे, वणई, वेगळी हातात घ्यायची. हाताच्या कामाचा पैसा तिथे वेगळा मोजतात. आम्ही तो स्वतःलाच देत नव्हतो. त्या दिवशी सातही जणींनी एकच दर ठरवला. दोन गिऱ्हाइकं तुटली. बाकीची राहिली.

तुमच्या गावात गट नसेल तर मोठा विचार करत बसू नका. चार जणी पुरे. तालुक्याच्या ठिकाणी उमेदची, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाची माणसं असतात, माविमचं, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचं काम असतं. खाद्यपदार्थ विकायला लागणाऱ्या अन्न नोंदणीचा अर्ज, बचत गटाचं खातं याबद्दल त्यांना विचारा, आणि एकटीनं न जाता दोघी जा. मोठ्या ऑर्डरीची निम्मी रक्कम आधी घ्या. आम्ही ते एका लग्नाच्या घरी बुडाल्यावर शिकलो, ऐनवेळी रद्द झालेले पाच किलो अनारसे सातही घरांनी खाल्ले.

काकूंचं वय आता सत्तरीच्या पुढे गेलंय. सोऱ्या फिरवत नाहीत, पण वही त्यांच्याकडेच असते. गेल्या महिन्यात एक नवी सून आमच्यात आली, खोबऱ्याच्या वड्या करते. तिनं दर सांगितला तसा काकूंनी पेन तिच्या हातात दिलं, आणि म्हणाल्या, "आधी तास लिही."