घर क्रमांक, झिप कोड आणि एक अक्षर

(फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. रात्र. गॅरेजमधलं उघडं कपाट, घड्या घातलेले खण.)

मुलं झोपली की ताईंचं दुकान उघडतं. दुकान म्हणजे हे गॅरेज, हा लॅपटॉप आणि परकर-पोलक्यांनी भरलेलं हे कपाट. खण गुळेदगुड्डचा, शिलाई पुण्याची, गिऱ्हाईक अख्ख्या अमेरिकेत पसरलेलं.

(लॅपटॉपचा पडदा, जवळून.)

आज चार ऑर्डरी आल्यात. प्रत्येकीपुढे रकमेच्या बाजूला एकेक इंग्रजी अक्षर आहे. वाय. वाय. झेड. आणि सगळ्यात खाली, जी.

ही अक्षरं गिऱ्हाइकाच्या बँकेकडून आली आहेत. कार्डाचा नंबर टाकला की खाली बिलिंगचा पत्ता विचारतात, म्हणजे बँकेच्या दप्तरी नोंदलेला पत्ता. बटण दाबलं की हा पत्ता पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या यंत्रणेकडे जातो, तिथून दुकानदाराच्या बँकेकडे, मग व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत. ती बँक नोंदवलेला पत्ता काढून त्याच्याशी ताडून पाहते. जुळवायचे असतात मुख्यतः आकडे: घराचा क्रमांक आणि झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिनकोड. २१५ ओक स्ट्रीट आणि २१५ एल्म स्ट्रीट, झिप एकच असेल तर या तपासणीला दोन्ही घरं सारखीच. दोन्ही आकडे जुळले की वाय. फक्त झिप जुळला की झेड, फक्त घर क्रमांक जुळला की ए, काहीच जुळलं नाही की एन. दोन-तीन सेकंदांत उत्तर परत.

झेडवाली ऑर्डर पाहा. टेक्ससमधला एक विद्यार्थी. त्याच परिसरात खोली बदललेली, बँकेला कळवायचं राहिलेलं. ताईंनी त्याला मेसेज करून विचारलं आणि ऑर्डर पुढे सोडली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पत्ता जुळला नाही म्हणून बँक सहसा व्यवहार अडवत नाही. ती रक्कम मंजूर करते आणि सोबत अक्षर पाठवते. माल द्यायचा की नाही, हे दुकानदारानं ठरवायचं. कार्ड चोरीचं निघालं तर खरा कार्डधारक तक्रार करतो, पैसे त्याला परत जातात, आणि कपडे गेलेले, पैसे गेलेले, वर बँकेचा दंड, असं सगळं या गॅरेजवर येऊन पडतं. म्हणून बरीच दुकानं यंत्रालाच सांगून ठेवतात: एन आलं की नाकार. नाकारल्यावरही मंजूर झालेली रक्कम गिऱ्हाइकाच्या खात्यात काही दिवस अडकून राहू शकते.

(पेट्रोल पंप, दिवसा. कीपॅडवर थबकलेलं बोट.)

हे काका मुलाकडे आलेत. कार्ड भारतातलं. पंप पाच आकडी झिप मागतोय आणि काकांचा पिनकोड सहा आकडी. शेवटी आत जाऊन काउंटरवर पैसे भरायचे. याच कॅलिफोर्नियात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये निकाल दिला होता की झिप कोड ही ग्राहकाची वैयक्तिक माहिती आहे, कार्डानं पैसे देताना दुकानानं ती मागून नोंदवून ठेवू नये. फसवणूक रोखण्यासाठी पंपांना मात्र मुभा मिळाली.

(मुंबई जीपीओचा घुमट. मग टपालाचे ढीग, वर्गवारी करणारे हात.)

मुळात हे आकडे टपाल वाटणाऱ्यांसाठी होते. अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ला आला. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला, आणि तो दिला आपल्या कोकणातल्या वेळणेश्वरच्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातला हा अधिकारी संस्कृतचा कवी होता, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. एकाच नावाची किती गावं, अक्षर न लागणारे किती पत्ते, किती लिप्या! त्यावर त्यांनी सहा आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. ४११०३० म्हटलं की पत्र सदाशिव पेठेतच.

(पुन्हा गॅरेज. पडद्यावर जी.)

ही चौथी ऑर्डर त्याच ४११०३० मधून आली आहे. एक आजी. कार्ड पुण्याच्या बँकेचं, माल जायचाय सिॲटलला, नातीकडे. पत्त्यात वाडा आहे, जिना आहे, 'मारुतीच्या देवळामागे' आहे. पण ही पत्तातपासणी मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या बँका करतात. भारतीय कार्डावर सहसा जी येतं: परदेशी बँक, पत्ता तपासलेला नाही.

भारतानं वेगळी वाट धरली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीला कार्डावर छापलेली नाही अशी आणखी एक खूण लागते. आज ती बहुतेकदा ओटीपी असते. परदेशी संकेतस्थळ ती मागेलच असं नाही. ताईंच्या दुकानानं मागितली नव्हती.

म्हणजे आजींनी सगळं अचूक भरलं, आणि तरी त्यांच्या बाजूनं बोलणारा एकही आकडा ताईंसमोर नाही. अशी ऑर्डर रद्द करणं सगळ्यात सोपं. ताईंनी फोन लावला.

"आजी, परकर किती उंचीचा हवाय? आणि मापं कुणी घेतली?"

(फोन स्पीकरवर. ताईंचा चेहरा. निवेदन नाही.)

उंची बावीस इंच. मापं सुनेनं व्हिडिओ कॉलवर घेतलेली. हिरवा नको, जांभळा हवा, काठ लाल.

(खोक्यावर चिकटपट्टी. लेबलवर सिॲटलचा झिप.)

पार्सल उद्या सकाळी निघेल.