विसरलेली पेंढी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायला घेतो नासलेल्या अन्नापासून. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी पडले, तेव्हा देवानं त्यांना मान्ना, म्हणजे आकाशातून आलेलं अन्न, दिला. ही हकिकत बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात आहे. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, रोज सकाळी गोळा करायचं आणि उद्यासाठी काही ठेवायचं नाही. काहींनी ठेवलंच. सकाळी पाहतात तर किडे पडलेले आणि घाण सुटलेली.

मला या लोकांचा राग येत नाही. काल उपाशी झोपलेल्यानं थोडं झाकून ठेवलं, तर त्याला लोभी कसं म्हणावं? भीतीच होती ती. आणि शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवलेला मान्ना मात्र नासत नव्हता, कारण तो ठेवायला देवानंच सांगितलं होतं. म्हणजे साठवण्यात पाप नव्हतं. पुढं मिसरचा कारभार पाहणाऱ्या योसेफाचंच घ्या, त्यानंही सात वर्षं धान्य साठवलं. दुष्काळात ते त्यानं विकलं, फुकट वाटलं नाही, हेही खरं. पण कोठारं उघडली.

येशूनं सांगितलेल्या दाखल्यातल्या श्रीमंत शेतकऱ्याला हे कोठार उघडणंच सुचलं नाही. पीक भरघोस आलं. जुनी कोठारं पाडू, मोठी बांधू, मग खाऊ, पिऊ, मजा करू, असा त्याचा बेत. त्यानं कुणाला लुबाडल्याचं त्या दाखल्यात कुठेही नाही. नीट ऐकलं तर एवढंच जाणवतं, की तो सगळं स्वतःशीच बोलतो. बायको नाही, शेजारी नाही, गडीमाणूस नाही. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. त्यातला जीव त्याच रात्री परत मागितला गेला.

आता शेताच्या कडेला येऊ या, कारण मला खरं तर तिथलंच बोलायचं आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे देवानं मोशेकरवी इस्राएली लोकांना दिलेल्या नियमांत, कापणीचे नियम आहेत. शेताच्या कडेकोपऱ्यांतलं पीक कापायचं नाही. सरवा, म्हणजे कापताना खाली पडलेली कणसं, वेचायचा नाही. एखादी पेंढी शेतात विसरून राहिली, तर ती आणायला मागं फिरायचं नाही. ते सगळं परका, अनाथ आणि विधवा यांचं.

या नियमांत दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली ही, की गरिबाला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. तो शेतात येतो, वाकतो, वेचतो, आपल्या कष्टाचं घेऊन जातो. देणाऱ्याला आभार ऐकायला मिळत नाहीत, आणि बरंच आहे ते! दुसरी, कड सोडायची ती धान्य मोजण्याआधी. खळ्यावर रास पाहून, हिशेब करून, उरलं तर देऊ असं नाही. देवावर आपली भिस्त आहे हे प्रार्थनेत म्हणणं सोपं असतं. उभं पीक न कापता घरी जाताना ती किती आहे ते कळतं. आपल्यापैकी अनेकांकडे शेत नाही, पगार आहे. तो हातात पडताच शेवटच्या रुपयापर्यंत आपल्याच खर्चांत वाटून टाकतो, आणि मग कुणी गरजू समोर आला की हात आखडतो. कडच ठेवलेली नसते.

बेथलेहेमात रूथ नावाची परकी विधवा अशीच सातूच्या शेतात सरवा वेचायला गेली. मालक बवाज. त्यानं नियमापुरतं सोडलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं गड्यांना सांगितलं, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही टाकत जा, आणि तिला रागावू नका. दिवसभर वेचून, झोडून तिनं मोजलं, तर एफाभर सातू भरला. एक एफा म्हणजे दहा ओमर. रानात जे एका माणसाचं एका दिवसाचं होतं, त्याच्या दहापट, एका बाईच्या पदरात.

आणि एक बारीकशी गोष्ट, वाचताना सहज निसटते. दुपारी बवाजानं तिला भाजलेला हुरडा दिला होता. ती पोटभर जेवली, थोडा बाजूला ठेवला. संध्याकाळी घरी आल्यावर सातूबरोबर तोही तिनं बाहेर काढला आणि सासूच्या हातावर ठेवला.