दाणे टाकायच्या आधी हात लावा

(चोपडा तालुक्यातल्या एका गावी बचतगटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संपादित)

माय-बहिणींनो, आणि मागे पारावर बसलेल्या नाना-आबांनो, रामराम.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी तापीच्या दोन्ही काठांवरची गावं पायाखाली घातली. गाय अडली, म्हैस फुगली की लोक मध्यरात्रीही दार ठोठवायचे. कोंबड्यासाठी आलेला माणूस मात्र दारातच घुटमळायचा आणि आवाज खाली करून म्हणायचा, "भाऊ, मना कोंबडा काहीच खात नही." एका कोंबड्यासाठी विचारायला यायचं म्हणजे त्याला संकोच वाटायचा. आज मी त्या घुटमळणाऱ्यांसाठी बोलणार आहे. ज्यांच्या घरचा कोंबडा हाक मारली की धावत येतो, पोरांच्या मागे ओट्यावर चढतो, आणि तो कापायचा नाही हे घरात कधीच ठरून गेलंय, त्यांच्यासाठी.

कोंबड्याला दात नाहीत. टिपलेला दाणा मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, जरा उजव्या अंगाला असलेल्या पिशवीत साठतो. तिथे तो भिजतो आणि थोडा थोडा खाली उतरतो. दळायचं काम पुढच्या पथरीचं, म्हणजे जाड स्नायूंच्या पोटाचं. पिशवी ही कणगी आणि पथरी हे जातं, असं समजा. सांजेला कणगी भरलेली असणारच, त्याने घाबरू नका. रात्रभरात ती रिकामी होते. उजाडल्यावर खुराड्यातून काढलं, की दाणे टाकायच्या आधी तिथे दोन बोटं फिरवा. काही लागायला नको. लागलं, तर काहीतरी अडलंय.

काय लागतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा लागला, तर पिशवी तुंबली आहे. पाणी भरलेल्या फुग्यासारखी डुबुकडुबुक लागली आणि चोचीजवळ नाक नेल्यावर आंबलेल्या पिठाचा वास आला, तर आत बुरशी वाढलेली असू शकते. आणि पिशवी छातीखाली झोळीसारखी लोंबतच राहत असेल, तर तिचे स्नायू सैल पडलेत. ही तिसरी गोष्ट पूर्ण बरी होणं अवघड. थोडं थोडं, चार वेळा खायला दिलं, तर पक्षी त्यातही जगतो.

तुंबण्याबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे त्याची कारणं अंगणातच पडलेली असतात. पऱ्हाट्यांना चिकटून राहिलेला कापूस, दादर ज्वारीच्या कडब्याची लांब पाती, सुतळीचे तुकडे. गेल्या मे महिन्यात माझ्या नातीच्या कोंबड्याने आरवणं सोडलं. तुरा काळवंडला, मान आखडून तो रांजणाच्या सावलीत उभा राहिला. मी त्याला मांडीवर घेतलं. पिशवीत गोळा होता आणि गोळ्यात बोटाला दोरीसारखं काहीतरी लागत होतं. दाणा बंद केला, पाणी समोर ठेवलं. पावाचा लहान तुकडा तेलात भिजवून धरला, तो त्याने कसाबसा गिळला. मग दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, बाहेरून हलक्या हाताने गोळा चोळला. कणीक सैल करतो ना, तसा. दुसऱ्या सकाळीही गोळा जागचा हलला नाही. मग मी वाट पाहिली नाही, सरळ डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पिशवीला लहानसा छेद दिला आणि चिमट्याने ओढत राहिले. कडबा निघाला, कापसाची गुंडाळी निघाली, आणि शेवटी केळीच्या घडाला घालतात त्या निळ्या प्लास्टिक पिशवीची वीतभर पट्टी. नात शेजारी उभी होती. तिने ती पट्टी धुऊन ठेवली आहे. कोंबडा आठवड्याने आरवला.

हे काम घरी ब्लेड घेऊन करू नका. पिशवी आणि कातडी वेगवेगळी शिवावी लागते, आणि त्या जिवाला वेदना होतात, त्याला भूल द्यावी लागते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका म्हातारीच्या कोंबड्याची चोच उघडून चमचाभर तेल ओतलं. तो माझ्या हातातच गेला. माणसाला घास गिळताना श्वासनलिकेवर झाकण येतं, तसं झाकण पक्ष्याला नाही. जिभेच्या मागेच श्वासाची फट उघडी असते. ओतलेलं तेल सरळ फुप्फुसात जातं. त्या माउलीने मला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणून हात जोडून सांगतो, ओतू नका. द्यायचंच असेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक एक थेंब, त्याने गिळला की पुढचा. आणि पिशवी आंबली म्हणून पाय धरून उलटा टांगून पाणी काढायची जी पद्धत आहे, तिच्यातही हाच धोका आहे. आंबलेली पिशवी जोराने चोळायचीही नाही.

आंबलेल्या पिशवीला दुकानातून अँटिबायोटिक आणून देणारे पुष्कळ भेटले. अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. उलट तिला आवर घालणारे चांगले जिवाणू मरतात आणि ती आणखी माजते. बुरशीचं औषध वेगळं आहे, निस्टॅटिन. ते डॉक्टरांनी पक्ष्याचं वजन पाहून द्यायचं. कोणी मोरचूद सांगेल. प्रमाण जरा चुकलं की ते विषच. आपल्या हातात आहे ते एवढंच: साधारण दिवसभर दाणा बंद, स्वच्छ पाणी, घासलेलं भांडं. मग थोडं उकडलेलं अंडं किंवा भिजवलेला मक्याचा भरडा, तोही ताजा. आपल्या उन्हाळ्यात भिजवलेला भरडा दुपारपर्यंत आंबतो, तो पुन्हा पुढ्यात ठेवायचा नाही. बुरा आलेला मका तर मुळीच नको.

शहरात गच्चीवर कोंबडा पाळणाऱ्यांनी एक करा. फरशीवर त्याला खडे मिळत नाहीत आणि खड्यांशिवाय जातं चालत नाही. नदीपात्रातली जाडसर रेती धुऊन एका वाटीत ठेवा, लागेल तेवढी तो स्वतः टिपतो.

पिशवी भरलेली दिसली म्हणजे दुखणं पिशवीचंच, असंही धरू नका. पथरीत अडलं, जंत झाले, नस निकामी करणारा मरेक झाला, तरी पिशवी थांबते. हिरवी विष्ठा, मान वाकडी, धाप, आणि शेजारचीही कोंबडी मलूल दिसली, तर राणीखेत हा साथीचा रोग समजून त्याला लगेच वेगळं ठेवा आणि दवाखान्यात कळवा. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर फुकट लागतो. फोन लावताना "साधा कोंबडाच आहे" असं म्हणू नका. सकाळी पिशवी कशी लागली, किती दिवस झाले, विष्ठा कशी आहे, हे सांगा.

आता कोणी आपला पक्षी सोबत आणला असेल, तर पुढे या. पिशवी नेमकी कुठे लागते ते हात धरून दाखवतो.