तांब्या, ताईत आणि तीन ठिपके

नमस्कार, श्रोतेहो. कळंबच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली. दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य, हे चित्र किती हजार वेळा तपासलं असेल कोण जाणे. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी डाव्या स्तनात गाठ निघाली. बार्शीच्या कॅन्सर दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. त्या दिवसांत मी वहीत काही खुणा काढल्या, त्यांची गोष्ट आज सांगते.

केमो दर एकवीस दिवसांनी. पहिले चार डोस लाल औषधाचे. रंग अगदी सरबताचा, पण नंतर कोकमाची बाटली बघितली तरी मळमळायचं. घरी आल्यावर तीन दिवस पोटात पाण्याचा घोट टिकत नसे. दुसऱ्या डोसाच्या आदल्या रात्री झोप येईना, म्हणून शिसपेन्सिल घेऊन बसले. सासूबाईंना जाग आली. "रातच्याला काय काढायलीस गं?" म्हटलं, "रक्षणाची खूण काढतेय."

लंडनमध्ये ऑस्टिन ऑस्मन स्पेअर नावाचा एक चित्रकार होऊन गेला, १८८६ ते १९५६ असा त्याचा काळ. जादूटोण्यात रमलेला माणूस. खूण बनवायची त्याची रीत साधी होती, तीच मी उचलली. मनातली इच्छा एका वाक्यात लिहायची, पुन्हा आलेली अक्षरं खोडायची आणि उरलेल्या अक्षरांची गुंफण करून एक चिन्ह बनवायचं. जादूवर माझा विश्वास नाही, पण अक्षरलेखन हा माझा जन्माचा धंदा. मी वाक्य घेतलं : पाणी पोटात राहो. 'मी बरी होवो' असं मुद्दाम नाही लिहिलं. एवढं मोठं मागणं पेन्सिलीला झेपत नाही. काना-मात्रा काढल्या. प दोनदा आला होता, एक खोडला. राहिले प, ण, ट, त, र, ह. आता शिरोरेघ पुसली. प, ण आणि त या तिघांना उभी दांडी असते, तिघांना मिळून एकच दांडी दिली. ट चं पोट वाटीसारखं, ते खाली बसवलं. र ची तिरकी शेपटी बाहेर काढली, तर ती तोटीसारखी दिसायला लागली. ह काही केल्या बसेना. शेवटी त्याचा नुसता खालचा आकडा ठेवला. पहाटे दोनला वहीवर तोटीचा तांब्या उभा होता. मी तो काढायला बसले नव्हते, अक्षरांतूनच आला.

स्पेअर म्हणतो, चिन्ह झालं की वाक्य विसरून जा. ते मला जमलं नाही. ज्या बाईला घोटभर पाण्याची धास्ती आहे, ती कसं विसरेल?

तसं बघितलं तर हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहेच. पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. श्रावणात लेकरांसाठी जिवतीचा कागद भिंतीला लावतो. चैत्रात गौरीसमोर चैत्रांगण काढतो, त्यात सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गोपद्म, कासव, नाग, सगळे येतात. कुणाला आपली खूण बनवायची असेल तर तिथून एखादी उचलावी. माझ्या तांब्याखाली पुढं एक कासव आलं. सलाईन हळू चाललं की मी चिडायचे, त्या चिडीवर कासव चांगलं.

शेजारच्या खाटेवर उदगीरच्या एक चाची होत्या. गळ्यात चांदीची ताईताची पेटी. एमआरआयला नेताना अंगावरचं सगळं चांदी-लोखंड उतरवायला सांगितलं, कारण आतलं चुंबक जबरदस्त असतं. चाची रडायलाच लागल्या. पेटी उघडून आतला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. घडी उलगडली तर नऊ घरांचा चौकोन! वर २, ७, ६, मध्ये ९, ५, १, खाली ४, ३, ८. आडवी, उभी, तिरपी, कुठूनही बेरीज १५. अहो, आपल्याकडचं पंधरिया यंत्र ते हेच. चाचींच्या परंपरेत चार कोपऱ्यांतल्या २, ४, ६, ८ या आकड्यांना अरबी अक्षरं आहेत आणि ती मिळून 'बुदूह' असा शब्द होतो. चाचींना म्हटलं, "पेटी लेकीकडं द्या, मी तुम्हाला नवा कागद करून देते." तोच चौकोन काढला आणि त्यांच्या फाईलच्या कव्हरात सरकवला. त्या आत गेल्या तेव्हा फाईल लेकीच्या मांडीवर होती. चाचींना तेवढं पुरलं.

आता दुसरी बाजू. गावाकडून एक बुवा आला होता. मंतरलेला दोरा, अंगारा, आणि वर अट, की सुया बंद करायच्या. त्याला चहासुद्धा दिला नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. त्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र आणि गंडे-दोरे करणं हा गुन्हा आहे. मला चावला होता खेकडा, म्हणजे कर्करोग, पण न्याय तोच. आणि केमोत पांढऱ्या पेशी खाली आल्या असतील तर पाण्यातून अंगारा पिणं म्हणजे संसर्गाला आवतण. मनगटावरचा ओला दोरा सुईजवळ नको, नळी लावलेल्या जागी हळद-कुंकूही नको. खूण कागदावर ठेवा, पिशवीवर भरा, फाईलवर काढा.

मग माझ्या तांब्यानं काय केलं? गाठीचं काहीच नाही. ती औषधानं आणि कात्रीनं गेली. पण २०१० साली अमेरिकेत टेड कॅप्चक यांच्या गटानं पोटाच्या जुनाट तक्रारीच्या ८० रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींना सरळ सांगितलं, या गोळ्यांत औषध नाही. तरी त्यातल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. काहीच न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना. ठाऊक असूनही! माझं पाणी उलटीविरोधी गोळीनं टिकलं, हे मला पक्कं माहीत आहे. पण गोळी घेऊन तिचा गुण येईपर्यंतचा अर्धा तास मी बोटानं तो तांब्या गिरवत काढला.

शेवटी रेडिएशन. आमच्याकडं त्याला कुणी 'लाईट देणं' म्हणतं, कुणी 'शेक'. पहिल्या दिवशी टेबलावर झोपवलं आणि तिथल्या पोरानं माझ्या छातीवर रेघा मारल्या, किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून. मग सुईनं शाईचे तीन बारीक ठिपके कायमचे टोचले. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा तपासल्या, आता माझ्याच अंगावर कुणीतरी पट्टी धरून रेघ मारत होतं, आणि रेघ सरळ होती हो. माझ्या आजीच्या कपाळावर, हातांवर गोंदण होतं. ती म्हणायची, दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं.

परवा नातीनं गळ्याजवळचा ठिपका बघितला. "आजी, हे काय?"

"गोंदण."

"कुणी गोंदलं?"

"दवाखान्यातल्या मशीनवाल्या दादानं."

तिनं पेन आणलं आणि स्वतःच्या हातावर तसेच तीन ठिपके काढून घेतले.