फीचा आकडा बघून कॉलेज सोडू नका

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीची मुलं तर आलीच आहेत पण आईवडील पण बसलेत समोर, हे फार बरं झालं, कारण आज जे बोलायचंय ते पैशाबद्दल आहे आणि ते दोघांनी एकत्र ऐकायला हवं.

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं छोटं कॉलेज, साधारण दीड-दोन हजार मुलं, बहुतेक सगळी बॅचलर्स करणारी, त्यामुळे वर्ग लहान असतात आणि शिकवायला स्वतः प्रोफेसर असतात. फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इकॉनॉमिक्स सगळं असतं तिथे. आता यातल्या नावाजलेल्या कॉलेजची वेबसाइट उघडली की फी, राहणं, जेवण धरून वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर आकडा दिसतो, आणि बाबा तिथेच म्हणतात, बंद कर ते. मी गेली काही वर्षं मुलांचे फॉर्म भरायला मदत करते, आणि सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना बघितलंय.

एक हिशेब करू, आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. एका कॉलेजचा खर्च 85 हजार डॉलर आणि ते मदत देतं 78 हजार, म्हणजे घरातून जाणार 7 हजार. दुसरी एक मोठी युनिव्हर्सिटी, खर्च 40 हजार, स्कॉलरशिप 5 हजार, घरातून 35 हजार. डॉलर 90 रुपये धरला तर पहिलीकडे वर्षाला 6 लाख 30 हजार आणि दुसरीकडे साडेएकतीस लाख. आणि तरी आपल्याकडे दुसरीलाच स्वस्त म्हणतात! म्हणून फी किती हा प्रश्न सोडा, आपल्या खिशातून किती जाणार हे विचारा.

मग कोण देतं एवढी मदत? ज्यांच्याकडे देणग्यांचा मोठा फंड आहे ती कॉलेजं. त्यात पण दोन प्रकार आहेत. पहिला नीड-ब्लाइंड, म्हणजे तुम्ही पैसे मागितलेत की नाही हे अ‍ॅडमिशनच्या निर्णयात बघतच नाहीत. परदेशी मुलांसाठी असं करणारी लिबरल आर्ट्स कॉलेजं बोटावर मोजण्याएवढी आहेत: अ‍ॅमहर्स्ट आहे, बोडन 2022 पासून आहे, वॉशिंग्टन अँड ली नं 2024 ला जाहीर केलं. दुसरा प्रकार नीड-अवेअर. विल्यम्स, पोमोना, स्वार्थमोर, मॅकॅलेस्टर, आणि मुलींसाठी स्मिथ, माउंट होलिओक ही त्यातली. इथे जितके जास्त पैसे मागाल तितकी अ‍ॅडमिशन अवघड होते, पण घेतलं तर गरज पूर्ण भागवतात. मॅकॅलेस्टर म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान जिथे शिकले ते, घानाहून आले होते ते, 1961 ला तिथून ग्रॅज्युएट झाले.

आता माझ्या मते आजची सगळ्यात कामाची गोष्ट. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं एक पीडीएफ टाकतात. त्यात एच6 हा भाग शोधा. किती परदेशी मुलांना मदत दिली आणि सरासरी किती डॉलर दिले, हे तिथे आकड्यात असतं. गुगलवर कॉलेजचं नाव टाकून पुढे कॉमन डेटा सेट लिहायचं, बस. माहितीपत्रकात 'उदार आर्थिक मदत' असं लिहिलेलं असतं आणि एच6 मध्ये परदेशी मुलांच्या रांगेत अगदी किरकोळ आकडा निघतो, मग ते कॉलेज यादीतून काढा, हळहळू नका. कन्सल्टंट हे सहसा सांगत नाहीत, कारण बऱ्याच जणांना युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं आणि ही कॉलेजं बहुतेक कमिशन देत नाहीत.

केंटकीमधलं बेरिया कॉलेज वेगळंच आहे. तिथे कुणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत, त्याऐवजी प्रत्येकाला आठवड्याला किमान 10 तास कॉलेजमध्ये काम करावं लागतं. पण परदेशी मुलं दरवर्षी अगदी थोडी घेतात, म्हणून सगळी आशा तिथेच ठेवू नका. आणि दहावीत असलेल्यांनी पुण्याजवळच्या मुळशीतल्या यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा कॉलेजची माहिती घ्या, ते अकरावी-बारावीचं आंतरराष्ट्रीय निवासी कॉलेज आहे. यूडब्ल्यूसीतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी 2000 साली डेव्हिस स्कॉलर्स प्रोग्राम सुरू झाला, त्यातून अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांना या मुलांच्या मदतीसाठी पैसे मिळतात, म्हणजे तो रस्ता इथूनच सुरू होतो.

कागदपत्रांचं बघू. बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरची आर्थिक परिस्थिती सांगणारा ऑनलाइन फॉर्म, भरायला सांगतात. नोकरी असेल तर फॉर्म 16 आणि आयटीआर, सोपं आहे. शेतकरी पालकांची मात्र पंचाईत होते, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि रिटर्न भरलेलंच नसतं. अशावेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, त्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि एक साधं पत्र की किती एकर आहे, काय पिकतं, गेल्या वर्षी हातात किती उरले, डोक्यावर कर्ज किती. कॉलेजवाल्यांना ऊस आणि सोयाबीनचा हिशेब कसा कळणार, तो आपणच मांडायचा, आणि खरा मांडायचा. फॉर्मची फी जड वाटत असेल तर बरीच कॉलेजं माफ करतात, ईमेल करून विचारा, लाजू नका, त्यांना अशा ईमेलची सवय आहे.

मदत मिळाली तरी विमानाचं तिकीट, हेल्थ इन्शुरन्स, उन्हाळ्याच्या सुट्टीतलं राहणं हे त्यात धरलंय का ते बघाच. कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं, त्यावर फी निघत नाही, वरखर्च निघतो. आपल्या सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहे, बारावीनंतर लगेच तिचा उपयोग नाही.

एका पालकांनी चिठ्ठी पाठवलीय, की पहिल्या वर्षी कर्ज काढून पाठवतो, मदत दुसऱ्या वर्षी मागतो, चालेल का? दादा, नका करू असं. बऱ्याच कॉलेजांचा नियमच आहे की परदेशी मुलानं अ‍ॅडमिशनच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मिळत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला बहुतेक फॉर्म बंद होतात, त्याच फॉर्ममध्ये मागा, आणि वर्षाला जेवढं खरंच देऊ शकता तेवढाच आकडा लिहा.