माणशी तिकीट, खोलीमागे भाडे

मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत कोकण, केरळ आणि थायलंड ही नावे एकाच दमात घेतली जातात. निवड आवडीची वाटली, तरी ती ठरते बहुधा वहीतल्या आकडेमोडीत.

विमानाचे तिकीट माणशी लागते, हॉटेलचे भाडे खोलीमागे आणि रात्रीमागे आकारले जाते, आणि स्वतःच्या गाडीत दोघे बसले काय किंवा पाच जण बसले काय, पेट्रोल जवळपास तेवढेच जळते. म्हणूनच आजी-आजोबांना घेऊन निघालेले कुटुंब कुंभार्ली घाट उतरून गणपतीपुळे गाठते, तर दोघेही कमावते असलेले जोडपे बँकॉकच्या तिकिटांचा विचार करू शकते. मुक्काम लांबला, की तिकिटाचा बोजा अधिक रात्रींवर विभागला जातो आणि जिथे रात्र स्वस्त, तिथला हिशेब परवडू लागतो. ऐन हंगामात गोव्यातील खोल्या महागल्यामुळे कोणी फुकेतचा किनारा निवडला, तर त्यात देशप्रेमाचा प्रश्न आणणे मला अन्यायाचे वाटते.

सरकारी निर्णयही याच वहीत उतरतात. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, तेव्हा माणशी लागणारा आणखी एक खर्च गळाला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलींच्या पॅकेजवर, सुरुवातीला ५ टक्के दराने, कर आगाऊ गोळा होऊ लागला. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण साठवलेल्या पैशांतून सहल करणाऱ्याची रक्कम तोवर अडकून राहते. देशांतर्गत बाजूला २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मध्यमवर्गीय प्रवासी बहुधा याच खोल्यांत उतरतो, म्हणून ही सवलत मला मोलाची वाटते.

उत्पन्नाचा परिणाम मात्र सरळ रेषेत होत नाही. पगार वाढला, की वाढ आधी घराच्या हप्त्यांत आणि मुलांच्या शुल्कात जाते; त्यानंतर काही उरले, तरच पासपोर्ट काढण्याचा विषय निघतो. उलट उत्पन्न घटले, की सर्वांत आधी परदेशाची सहल रद्द होते, गावाकडची फेरी सहसा टिकते. पगार तोच राहूनही ऐपत घटू शकते: २०१३ च्या आरंभी सुमारे ५५ रुपयांना मिळणारा डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांपलीकडे गेला, तेव्हा अमेरिकेच्या सहलीसाठी जमवलेली रक्कम काही महिन्यांतच अपुरी ठरली.

बँकॉकला जाऊन आलेल्या त्या जोडप्याला पुढे मूल होते. मुलाला दोन वर्षे पूर्ण झाली, की विमानात त्याचे वेगळे आसन घ्यावे लागते. खोली मात्र तिघांना एकच पुरते. त्या वर्षी ते नव्याने हिशेब मांडतात, आणि गाडी कुंभार्ली घाटाकडे वळते.