नजर उठेपर्यंत थांबा

कर्णबधिर बाळाच्या हातात खेळण्यातली गाडी आहे. ते चाक फिरवून बघतंय. समोर बसलेल्या आईचे हात अजून मांडीवरच. चाक थांबतं, बाळ मान वर करतं, दोघांची नजर मिळते. आणि आता आई खूण करते: 'गाडी'. बाळ पुन्हा गाडीकडे बघतं.

ऐकू येणाऱ्या मुलाचे डोळे खेळण्यावर असले तरी आईचं बोलणं त्याच्या कानावर पडतच असतं. कर्णबधिर मुलाला वस्तू आणि भाषा दोन्ही डोळ्यांनीच घ्यायची असतात, तीही आळीपाळीने.

२०२० साली रेशेल ब्रूक्स, जेनी सिंगलटन आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांचा एक अभ्यास छापून आला. समोरचा माणूस जिकडे बघेल तिकडे बाळ बघतं का, एवढंच त्यांनी तपासलं. कर्णबधिर आईवडिलांची १२ कर्णबधिर बाळं यात ऐकू येणाऱ्या ६० बाळांच्या पुढे निघाली. बाळं बाराच होती हे खरं. पण कर्णबधिर मूल म्हणजे मागे पडणारं मूल, या समजाला धक्का द्यायला तेवढी पुरेशी आहेत.

पुढे मूल वाढताना या नजर ओळखण्याचा संबंध लागतो तो दुसऱ्याचं मन ओळखण्याशी. चिंगीने चेंडू टोपलीत ठेवला आणि ती बाहेर गेली. मागे कुणीतरी तो खोक्यात टाकला. परत आल्यावर ती कुठे शोधेल? ऐकू येणारी मुलं 'टोपलीत' हे उत्तर साधारण चार-पाच वर्षांची असताना देतात. घरात जन्मापासून खुणांची भाषा असलेली कर्णबधिर मुलंही साधारण त्याच वयात देतात. भाषा उशिरा मिळालेल्यांना मात्र कित्येकदा आणखी काही वर्षं लागतात, कारण 'तिला वाटलं', 'त्याला माहीत नव्हतं' अशा गप्पा त्यांच्या वाट्याला आलेल्याच नसतात.

बहुतेक कर्णबधिर मुलांचे पालक ऐकू येणारे असतात, आणि गडबड होते ती वेळ साधण्यात. मूल खाली बघत असतानाच खूण केली जाते. ती वाया जाते. हनुवटी धरून तोंड वळवलं, की मूल नजर चुकवायला शिकतं. त्यापेक्षा खांद्यावर हलकेच थोपटा. नाहीतर हात त्याच्या नजरेच्या टप्प्यात नेऊन तिथेच खूण करा. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा अंधारात जातो.

चित्रांचं पुस्तक असेल तर खूण थेट पानावर, चित्राला लागून करता येते. मग हात बाजूला घ्या, त्याला चित्र बघू द्या. ते पुन्हा तुमच्याकडे बघेल, तेव्हा पान उलटा.